स्वादुपिंडाचा कर्करोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाचे तरी डोळे पिवळे दिसू लागलेत, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पित्तनलिका फुगलेली’ असं आलंय, किंवा काहीही न करता चार महिन्यांत आठ किलो वजन उतरलंय. अशा वेळी जे प्रश्न हमखास पडतात ते इथे घेतले आहेत. या आजारात आठवडे मोलाचे असतात आणि ते पुष्कळदा चुकीच्या क्रमाने केलेल्या तपासण्यांत जातात. म्हणून काय करावं याच्याइतकाच भर आधी काय आणि नंतर काय, यावर दिला आहे.

स्वादुपिंड नेमकं कुठे असतं आणि ते काय करतं?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं पडलेलं, साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि ८० ते १०० ग्रॅम वजनाचं हे इंद्रिय आहे. उजवीकडच्या जाड भागाला डोकं म्हणतात. लहान आतड्याच्या पहिल्या वळणाने त्याला कवेत घेतलेलं असतं. मधलं धड, आणि डावीकडे प्लीहेपर्यंत निमुळतं होत गेलेलं शेपूट.

त्याची कामं दोन. रोज दीड लिटरच्या आसपास पाचक रस तयार करायचा, ज्याशिवाय तूप-तेल, डाळी, पिष्टमय पदार्थ पचत नाहीत. आणि इन्सुलिनसारखी संप्रेरकं रक्तात सोडायची. यकृताकडून येणारी पित्तनलिका याच डोक्यातून जाऊन आतड्यात उघडते, आणि मागच्या बाजूला नसांचं दाट जाळं असतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढची लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. डोक्यात गाठ झाली की पित्त अडतं आणि कावीळ दिसते. धडात किंवा शेपटात झाली की अडायला काही नसतं, त्यामुळे ती मोठी होईपर्यंत गप्प राहते. मागच्या नसांपर्यंत पोचली की पाठ दुखते. साधारण दोन-तृतीयांश गाठी डोक्यात होतात.

कावीळ झाली म्हणजे कॅन्सरच असतो का?

मुळीच नाही. आपल्याकडे तरुण माणसाला पावसाळ्यात होणारी कावीळ बहुधा दूषित पाण्यातून आलेल्या हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची असते. तीत आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं असं होतं, रक्तात एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) शेकड्यांत किंवा हजारांत जातं आणि काही आठवड्यांत आजार आपोआप ओसरतो.

पित्त अडल्यामुळे होणाऱ्या काविळीची चाल वेगळी. पन्नाशी-साठीचं माणूस, ताप नाही, पोटात फारसं दुखतही नाही आणि पिवळेपणा दिवसेंदिवस वाढत जातो. अंगाला विलक्षण खाज सुटते, रात्री जास्त. रक्ताच्या तपासणीत डायरेक्ट बिलिरुबिन (पित्तातला पिवळा रंग) आणि अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) वाढलेलं दिसतं. पित्तनलिकेतल्या खड्यानेही पित्त अडतं, पण त्यात बहुतेक वेळा कळा येतात, थंडी वाजून ताप येतो. न दुखता वाढत जाणारी कावीळ जास्त संशयाची, हे डॉक्टरांच्या पिढ्या शिकत आल्या आहेत.

घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतात, आणि त्या दिवसाच्या उजेडात पाहाव्यात, पिवळ्या बल्बखाली नव्हे. लघवी एखाद्या पांढऱ्या मगात धरून बघा. पाणी कमी प्यायल्यावरही ती गडद होते, पण इथे ती कोऱ्या चहासारखी दिसते आणि भरपूर पाणी पिऊनही तशीच राहते. शौचाचा रंग बघा. शौचाला तपकिरी रंग पित्तामुळे येतो. पित्त आतड्यात उतरलंच नाही तर ती राखाडी, शाडूच्या मातीसारखी होते. हळद खाल्ल्याने किंवा पाणी कमी प्यायल्याने असं होत नाही. गडद लघवी आणि फिकट शौच एकत्र दिसली तर त्याच आठवड्यात रक्त आणि सोनोग्राफी झालीच पाहिजे.

गावात काविळीचं औषध देतात, माळ घालतात, हात धुऊन कावीळ उतरवतात. आधी ते करून बघायला काय हरकत आहे?

हरकत वेळेची आहे. हे उपाय ‘लागू पडतात’ असं वाटतं, कारण विषाणूची कावीळ कशानेही किंवा काहीही न करता उतरते. हात धुताना पाणी पिवळं होतं ते शरीरातली कावीळ बाहेर आल्यामुळे नाही. तळव्यांना चोळलेला झाडाच्या सालीचा रस आणि परातीतला चुना एकत्र आले की तो रंग येतो. ज्याला कावीळ नाही त्याचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होईल. माळेतल्या ओल्या काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांब होते.

गाठीमुळे अडलेलं पित्त यांपैकी कशानेही मोकळं होत नाही. दरम्यान आणखी एक बिघाड होत असतो. पित्त आतड्यात नसलं की ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि रक्त गोठायला उशीर लागू लागतो. अशा माणसाला तपासणीत किंवा ऑपरेशनमध्ये रक्तस्रावाचा धोका वाढतो. नाकात थेंब घालून किंवा पाला खाऊन यकृताला स्वतंत्र इजा झाली तर गोंधळ आणखी. आजीच्या श्रद्धेचा अपमान करायचा नसेल तर माळ घाला, पण रक्त आणि सोनोग्राफी त्याच दिवशी करा.

कावीळ नसेल तर कशावरून संशय घ्यावा?

इथेच सगळी अडचण आहे, कारण एकेकटं लक्षण अगदी रोजचं असतं. पोटाच्या वरच्या भागात दुखतं, ते पट्ट्यासारखं पाठीत जातं, उताणं झोपलं की वाढतं आणि पुढे वाकून बसलं की थोडं हलकं वाटतं. पहिले दोन महिने ते ‘पित्त झालंय’ म्हणून, पुढचे दोन ‘कंबर धरली’ म्हणून निघून जातात. वजन उतरतं. खाण्याची इच्छा मरते, काहींना मटण किंवा तळलेलं नको वाटतं. शौच चिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त होते, भांड्याला चिकटते आणि पाणी टाकूनही तरंगत राहते. पित्ताशयात खडे नाहीत, दारू नाही, तरी उतारवयात स्वादुपिंडाला सूज येऊन रुग्णालयात राहावं लागतं. पायाच्या पोटरीत अचानक रक्ताची गुठळी होते. काहींमध्ये याच्याही आधी मन विनाकारण खचलेलं असतं.

आमचं म्हणणं इतकंच : पन्नाशीनंतर यांतल्या कुठल्याही दोन गोष्टी एकत्र आल्या आणि तीन-चार आठवड्यांत गेल्या नाहीत, तर ॲसिडिटीची गोळी तिसऱ्यांदा लिहून घेऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘स्वादुपिंड बघायला हवं का?’

साठाव्या वर्षी नव्यानेच मधुमेह निघाला. घाबरायचं का?

घाबरू नका, पण वजनकाट्यावर उभे राहा. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघालेल्या शंभर जणांपैकी साधारण एकालाच पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग निघतो. म्हणून प्रत्येकाचा सीटी काढणं योग्य नाही. नेहमीचा टाइप दोन मधुमेह निघतो तेव्हा माणसाचं वजन बहुधा वाढलेलं असतं, घरात आई-वडिलांना मधुमेह असतो. याउलट वजन उतरत असताना साखर चढली, घरात कुणालाच मधुमेह नाही, किंवा दहा वर्षं आटोक्यात असलेली साखर तीच गोळी, तेच जेवण असून अचानक सुटली, तर कारण शोधायला हवं. मधुमेहाच्या काही नव्या औषधांनीही वजन उतरतं, तेव्हा कोणती गोळी कधी सुरू झाली आणि वजन कधीपासून उतरतंय, या दोन तारखा लिहून न्या. निम्मं निदान त्या दोन तारखांत असतं.

कुणाला धोका जास्त?

वय हे सर्वांत मोठं कारण. बहुतेक रुग्ण साठीच्या आसपासचे किंवा पुढचे असतात. त्यानंतर तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत धोका जवळपास दुप्पट होतो. पण महाराष्ट्रात तंबाखू म्हटलं की चुना लावून दाढेखाली धरलेली चिमूट आणि बायकांची मिश्रीही आलीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूररहित तंबाखूलाही तोंड आणि अन्ननलिकेबरोबर स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं कारण ठरवलं आहे. ‘मी ओढत नाही, फक्त लावते’ याने सुटका नाही. सोडल्यावर धोका वर्षावर्षाने उतरत जातो.

स्थूलपणा, अनेक वर्षांचा मधुमेह आणि स्वादुपिंडाला वारंवार येणारी जुनाट सूज ही पुढची कारणं. दारूचा मुख्य मार्ग हा सुजेचाच. केरळात आणि दक्षिण भारतात तरुणपणी दारूशिवाय होणारा, स्वादुपिंडात खडे धरणारा एक जुनाट दाह पूर्वीपासून माहीत आहे. त्या रुग्णांतही हा कर्करोग अधिक आढळतो.

घराण्यात चालत येणारे रुग्ण साधारण दहांत एक किंवा त्याहून कमी. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे वडील, भाऊ आणि दोन्ही बहिणी याच आजाराने गेल्या. स्वतः कार्टर शंभर वर्षं जगले. म्हणजे घराण्यात आजार असला तरी तो प्रत्येकाला होतोच असं नाही.

दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए १९-९ ही रक्ततपासणी करून तो लवकर पकडता येईल का?

सर्वसामान्य निरोगी माणसासाठी उत्तर ‘नाही’ असं आहे. सीए १९-९ची नेहमीची मर्यादा ३७ युनिट असते. पण खडा अडला, कोणतीही कावीळ झाली, स्वादुपिंडाला सूज आली तरी हा आकडा वाढतो. उलट शंभरातल्या पाच ते दहा माणसांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही, त्यामुळे कर्करोग असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. निदान झाल्यावर उपचार लागू पडतायत का हे बघायला तो उपयोगी आहे. कावीळ असेल तर ती उतरल्यावर पुन्हा मोजावा लागतो. ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये तो दिसला म्हणून करून घेऊ नका.

अपवाद आहे तो घराण्यात धोका असलेल्यांचा. दोन जवळच्या नातेवाइकांना हा आजार झालेला असेल, किंवा जनुकीय दोष सापडलेला असेल, तर अनुभवी केंद्रात साधारण पन्नाशीपासून, किंवा घरातल्या सर्वांत तरुण रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, दरवर्षी एमआरआय किंवा दुर्बिणीतून सोनोग्राफी करतात.

नोव्हेंबरमध्ये आमच्या सोसायटीत जनजागृतीचा कार्यक्रम करायचा आहे. काय करावं?

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा जागतिक स्वादुपिंड कर्करोग दिन आणि जांभळा हा त्याचा रंग. रक्त तपासणीचं शिबिर ठेवू नका. वरच्या कारणांमुळे त्यातून निष्कारण भीती किंवा खोटा दिलासा मिळतो. त्यापेक्षा वजनकाटा ठेवा. प्रत्येकाचं आजचं वजन तारखेसह एका कार्डावर लिहून द्या आणि कार्ड औषधांच्या डब्यात ठेवायला सांगा. ‘कपडे सैल झालेत’ यापेक्षा ‘जूनमध्ये ६८, आता ६१’ हे डॉक्टरांना फार उपयोगी पडतं. परिसरातल्या औषधविक्रेत्यालाही बोलवा. महिनोन् महिने चिठ्ठीशिवाय ॲसिडिटीच्या गोळ्या नेणारं माणूस सर्वांत आधी त्यालाच दिसतं.

सोनोग्राफी नॉर्मल आली. आता निश्चिंत व्हायचं का?

नाही. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून जात नाहीत, आणि स्वादुपिंडाच्या पुढे हवेने भरलेलं जठर आणि आतडं असतं. रिपोर्टमध्ये पुष्कळदा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ‘वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही’. ती ओळ शोधा. याचा अर्थ ‘नॉर्मल’ असा नसून ‘बघता आलं नाही’ असा आहे. शेपूट तर क्वचितच पूर्ण दिसतं.

संशय टिकून असेल तर पुढची तपासणी म्हणजे स्वादुपिंडासाठी खास पद्धतीने काढलेला सीटी. साधा पोटाचा सीटी आणि हा, यांत फरक आहे. शिरेतून औषध सोडल्यावर साधारण ४० ते ४५ सेकंदांनी एकदा आणि ७० सेकंदांच्या आसपास पुन्हा, अशा दोन वेळा पातळ थरांत चित्रं घेतात. पहिल्या वेळी निरोगी स्वादुपिंड उजळतं आणि गाठ काळपट दिसते. दुसऱ्या वेळी शिरा आणि यकृत. एकाच वेळी, जाड थरांत काढलेल्या सीटीवर ऑपरेशनचा निर्णय घेता येत नाही आणि तो पुन्हा काढावा लागतो. पैसेही दुप्पट, आठवडाही गेला. म्हणून चिठ्ठीवर ‘पॅन्क्रियाज प्रोटोकॉल’ हे शब्द आहेत का ते बघा. जाताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट न्या. किडनीचा त्रास, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी), औषधांची ॲलर्जी आधीच सांगा. नंतर फक्त छापील रिपोर्ट घेऊन येऊ नका, सगळी चित्रं असलेली सीडी मागून घ्या. सर्जन रिपोर्ट वाचत नाहीत, चित्रं वाचतात.

डॉक्टर म्हणतात आधी स्टेंट (अडलेल्या पित्तनलिकेत ठेवायची नळी) टाकून कावीळ उतरवू. टाकावा का?

एकच प्रश्न विचारा : ‘सीटी झाला का?’ स्टेंट आधी पडला तर त्याची सावली चित्रात येते, प्रक्रियेनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि मग गाठ कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते ते कळत नाही. म्हणून सीटी आधी, स्टेंट नंतर.

प्रत्येकाला स्टेंट लागतोच असंही नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत असं दिसलं की बिलिरुबिन १४-१५च्या आत असताना थेट लवकर ऑपरेशन केलेल्यांना, आधी स्टेंट टाकून थांबलेल्यांपेक्षा कमी गुंतागुंत झाली. ताप आणि थंडी असेल, बिलिरुबिन फार चढलं असेल, खाज असह्य असेल, किंवा ऑपरेशनआधी केमो द्यायची असेल तर मात्र स्टेंट लागतो. केमो द्यायची असल्यास धातूचा स्टेंट शक्यतो चांगला. प्लास्टिकचा स्वस्त असतो, पण बारीक असल्यामुळे तीनेक महिन्यांत तुंबतो.

स्टेंट टाकल्यावर कधीही दात कडकड वाजवणारी थंडी भरून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे झाले, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. पित्तात जंतू शिरलेले असतात आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. रात्री दोन वाजता असलं तरी रुग्णालय गाठा.

सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. बायोप्सी करावी का?

ती बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून, जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून बारीक सुईने केली जाते. आजार पसरण्याच्या भीतीने ती टाळण्याचं कारण नाही. केमो द्यायची असेल तर बायोप्सी अनिवार्य आहे, कारण क्षयाची गाठ किंवा विशिष्ट प्रकारची सूजही हुबेहूब कर्करोगासारखी दिसते, आणि त्यांचे उपचार पूर्ण वेगळे. याउलट गाठ स्पष्ट दिसतेय आणि थेट ऑपरेशन ठरलंय, तर आधी बायोप्सी न करणंही बरोबर असतं. एकदा बायोप्सीत काही सापडलं नाही म्हणजे कर्करोग नाही असंही नव्हे. या गाठीत घट्ट तंतू फार आणि पेशी कमी असतात, सुईत नुसते तंतूच येऊ शकतात.

‘ऑपरेशन होण्यासारखं नाही’ म्हणजे नेमकं काय?

स्वादुपिंडाला खेटून आतड्यांना रक्त देणाऱ्या मोठ्या धमन्या आणि यकृताकडे जाणारी मोठी शीर असते. गाठ यांपासून मोकळी असेल तर ऑपरेशन शक्य. शिरेला किंवा धमनीला थोडी चिकटली असेल तर आधी काही महिने केमो देऊन मग पुन्हा सीटी. धमनीभोवती पूर्ण वेढा असेल तर ऑपरेशन बहुधा नाही. यकृत, फुप्फुस किंवा पोटाच्या आवरणावर ठिपके असतील तर स्वादुपिंड काढून फायदा नसतो. निदानाच्या वेळी जेमतेम १५ ते २० टक्के रुग्ण पहिल्या गटात असतात.

मधला गट महत्त्वाचा. एका ठिकाणी ‘नाही’ म्हटलेल्या गाठीबद्दल दुसऱ्या, जास्त ऑपरेशनं होणाऱ्या केंद्रात ‘केमोनंतर बघू’ असं उत्तर मिळू शकतं. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. फक्त ते दहा दिवसांत घ्या, दोन महिने हिंडू नका.

व्हिपल ऑपरेशन किती मोठं असतं?

पोटाच्या शस्त्रक्रियांमधलं सर्वांत मोठ्यांपैकी एक. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि कधी जठराचा थोडा भाग काढतात. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असे तीन जोड आतड्याशी करतात. चार ते आठ तास लागतात. जर्मन सर्जन वाल्टर काउश यांनी १९०९ मध्ये ते प्रथम यशस्वी केलं आणि अमेरिकेतल्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडल्यावर त्यांचं नाव लागलं. एके काळी चारातला एक रुग्ण ऑपरेशनमुळे दगावायचा. आज जास्त संख्येने ही शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आहे.

सर्वांत नाजूक जोड स्वादुपिंडाचा. लोण्यासारख्या मऊ ऊतीला टाके घालायचे आणि आतून येणारा रस तेच टाके पचवू पाहणार. तो गळला तर ऑपरेशननंतर पोटात ठेवलेल्या नळीतून येणाऱ्या पाण्यात अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम) वाढलेलं सापडतं. बहुतेक वेळा नळी जास्त दिवस ठेवून ते बरं होतं. पण त्याच नळीत अचानक रक्त दिसलं तर थोडं असलं तरी लगेच सांगावं, ती मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकते. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे जठर काही दिवस ‘चालत’ नाही, खाल्लेलं उलटून पडतं. ते बहुधा आपोआप मार्गी लागतं.

म्हणून सर्जनना अदबीने पण स्पष्ट विचारा : ‘इथे वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात? रात्री रक्तस्राव झाला तर अँजिओग्राफी करणारे डॉक्टर उपलब्ध असतात का?’ मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय हे देशातलं अशा शस्त्रक्रियांचं मोठं केंद्र आहे, पण ते एकमेव नाही. शेपटाची गाठ असेल तर प्लीहाही काढावी लागते. त्यासाठी न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लशी शक्यतो ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात. घाईत हे हमखास राहून जातं.

गाठ काढली, मग केमो कशाला?

कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी आधीच बाहेर पडलेल्या असतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स आणि कॅनडातल्या चाचणीत ऑपरेशननंतर नुसतं जेमसिटाबिन हे एकच केमोचं औषध दिलेल्यांचं मध्यम आयुर्मान ३५ महिने होतं; सुधारित फॉल्फिरिनॉक्स (अनेक औषधं एकत्र असलेली केमो) दिलेल्यांचं ५४ महिने. दर १४ दिवसांनी एक अशा १२ खेपा, म्हणजे २४ आठवडे. हा उपचार तब्येत ठणठणीत असलेल्यांनाच झेपतो. इतरांना सौम्य पर्याय असतात.

घरी दोन गोष्टी सांभाळा. फॉल्फिरिनॉक्समधलं ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध घेतल्यावर काही दिवस फ्रिजमधलं पाणी, गार फरशी, फ्रिजमध्ये घातलेला हातसुद्धा झिणझिण्या आणतो. पाणी कोमट द्या, भांडी त्यांना घासू देऊ नका. आणि ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला तर त्याच दिवशी रुग्णालय, कारण पांढऱ्या पेशी घटलेल्या असू शकतात.

जेवण पचत नाही, वजन उतरतंच आहे. काय द्यावं?

आधी हे तपासा की पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू आहेत का. आमच्या मते या आजारात सर्वांत जास्त विसरला जाणारा उपचार हाच आहे. पाचक रस आतड्यात पोचत नसेल तर बदाम, अंडी, महागडी प्रोटीन पावडर, सगळं तसंच बाहेर पडतं.

मुख्य जेवणासोबत साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज (स्निग्धांश पचवणारं एन्झाइम) आणि खाण्यासोबत २५,००० ही नेहमीची सुरुवात. डॉक्टर गरजेप्रमाणे वाढवतात. कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवण झाल्यावर घेतली तर वाया जाते. ताट वाढलं, पहिला घास घेतला की एक, आणि निम्मी पोळी झाली की दुसरी. पाण्यासोबत गिळायची, चहासोबत नाही, उष्णतेने एन्झाइम मरतं. चावायची नाही. गिळता येत नसेल तर उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गार गरात मिसळून न चावता गिळायचे. दुपारच्या दुधासोबतही लागते, कारण दुधात स्निग्धांश असतो. नुसत्या कोऱ्या चहाला किंवा फळाच्या दोन फोडींना नाही. शौच अजून तेलकट असेल तर मात्रा अपुरी आहे किंवा वेळ चुकतेय. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेल्या असतात. शाकाहारी आणि मुस्लिम कुटुंबांना हे आधी कळायला हवं, म्हणजे निर्णय त्यांचा त्यांना घेता येतो.

तूप-तेल बंद करू नका. त्यानेच वजन टिकतं. ताटभर जेवणाऐवजी दिवसातून सहा वेळा थोडं : मऊ भात-वरण-तूप, खिमट, दही, उकडलेलं अंडं, मासे. ‘साखरेने गाठ वाढते’ म्हणून भात-पोळी तोडणं हे उपासमारीला आमंत्रण आहे. मधुमेह असेल तर इन्सुलिन जुळवून घ्या, जेवण तोडू नका. स्वादुपिंड गेल्यामुळे होणाऱ्या मधुमेहात साखर झटकन खालीही उतरते, तेव्हा उशाशी ग्लुकोज ठेवा.

मॉर्फिन म्हणजे शेवटचं, असं ना?

नाही. वेदना तीव्र असतील तर ते पहिल्या महिन्यातही देतात. गोळी तोंडाने घेता येते, साधी गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता घड्याळावर. दुखण्यासाठी नीट मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची भीती फारशी नसते, पण बद्धकोष्ठ जवळजवळ प्रत्येकाला होतं, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच. २०१४ मध्ये अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं आहे. जवळ मिळत नसेल तर वेदनाशमन केंद्राचा पत्ता ऑन्कॉलॉजिस्टकडून घ्या. औषधं पुरत नसतील तर मागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन वेदना बधिर करता येते.

किती आशा ठेवावी?

२०२२ मध्ये जगभरात सुमारे ५ लाख १० हजार जणांना हा आजार निघाला आणि सुमारे ४ लाख ६७ हजार जण दगावले. हे दोन आकडे इतके जवळ आहेत यावरून आजाराचं स्वरूप कळतं. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर याच आजाराने १७ मार्च २०१९ रोजी गेले. अमेरिकेत पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे. गाठ स्वादुपिंडापुरती असतानाच सापडलेल्यांत ते चाळीस टक्क्यांच्या वर जातं.

रिपोर्टवर ‘न्यूरोएंडोक्राइन’ असा शब्द असेल तर हे आकडे तुमचे नाहीत. तो वेगळा, पुष्कळदा संथ चालीचा आजार आहे. स्टीव्ह जॉब्स यांना तोच होता. २००३ मध्ये निदान झालं आणि २०११ मध्ये ते गेले.

मुलांनी जनुकीय चाचणी करावी का?

आधी रुग्णाची करा. नेहमीच्या प्रकारच्या या कर्करोगात प्रत्येक रुग्णाची रक्तातून जनुकीय चाचणी करावी असा आता सल्ला दिला जातो, घराण्यात कुणाला नसलं तरी. बीआरसीए या जनुकात दोष सापडला तर रुग्णाच्या औषधांची निवड बदलते. आणि मग मुलगी, बहीण यांना स्तन व बीजकोशाच्या कर्करोगाबद्दलही वेळेत सावध करता येतं. रुग्णाचं रक्त मिळणं शक्य आहे तोवर हे उरकून घ्यावं.

खर्चाचं काय?

दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा आणि ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. रुग्णालय योजनेत आहे का, आणि कर्करोगाच्या उपचारांसाठी आहे का, हे दोन्ही विचारा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसल्याने मंजुरी अडकते, ते आधी दुरुस्त करून घ्या. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत मिळते; त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.

बाबांना सांगावं का? आम्ही ‘अल्सर आहे’ म्हणून सांगितलंय.

केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरचं माणूस दुसऱ्याच दिवशी सांगून टाकतं, आणि मग बाबांना आजाराबरोबर घरच्यांनी लपवल्याचंही दुःख होतं. शिवाय बँकेतल्या सह्या, शेताची कागदपत्रं, कुणाला भेटायचं राहिलंय, पुढचा उपचार हवा की नको, हे ठरवायला त्यांना वेळ लागतो आणि तो त्यांचाच आहे. सगळं एकदम सांगायची गरज नाही. शांत वेळ बघून, शेजारी बसून एवढंच विचारा : ‘बाबा, रिपोर्टबद्दल तुम्हाला सगळं जाणून घ्यायचंय, की डॉक्टरांशी आम्हीच बोलू?’ काहीजण ‘तुम्हीच बघा’ म्हणतात, तेही मानावं. पण पुष्कळ जण म्हणतात, ‘मला माहीतच होतं, तुम्ही कधी बोलताय याची वाट बघत होतो.’